यंत्र चांगलं आहे म्हणून शेअर घ्यावा का?

पत्र : सप्रेम नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं प्लॅस्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. सहा मशीनं, त्यातली चार चायनाची. मशीन घ्यायच्या निमित्ताने निंगबोला जाऊन आलो, ग्वांगझूचा कँटन फेअरही पाहिला. त्या लोकांचा झपाटा बघून तेव्हाच वाटलं होतं की यांना कुणी अडवू शकणार नाही. आता चाकणजवळचा प्लॉट विकून ४० लाख हातात आलेत. सिंगापूरला असलेला पुतण्या म्हणतो, “काका, चिनी शेअर अजून स्वस्त आहेत. अलीबाबा, बीवायडी आणि हायतियान यांत १५ लाख टाका. माझ्याच खात्यातून घेऊ.” एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नॅस्डॅक या अमेरिकी बाजारातल्या एका छोट्या चिनी कंपनीची टिपही रोज येते. बायकोचा ठाम नकार आहे. गलवानमध्ये आपले जवान मारले त्यांना पैसे द्यायचे का, असं तिचं म्हणणं. मुलगी बारावीत आहे, पुढे इंजिनिअरिंग. माझं वय ५२. काय करावं?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : नमस्कार. निंगबोत तुम्ही जे पाहिलंत ते खरंच आहे, त्यात मला काही दुरुस्त करायचं नाही. ज्या हायतियानचं नाव पुतण्याने घेतलं ती इंजेक्शन मोल्डिंग मशीन बनवणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी आहे, आणि तिचं मशीन कसं चालतं हे शेअर बाजारातल्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. पण कंपनी वाढली की भागधारकाचे पैसे वाढतात, हे तुम्ही मनात गृहीत धरलंय. चीनच्या बाबतीत हे गृहीतक वारंवार फसलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऑनलाइन विक्रीतली अलीबाबा सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आली. भाव ६८ डॉलर. त्या वर्षी मार्चअखेर कंपनीची उलाढाल साडेबावन्न अब्ज युआन होती. मार्च २०२२ ला ती ८५३ अब्जांवर गेली, म्हणजे आठ वर्षांत सोळा पट. आणि शेअर? ऑक्टोबर २०२२ मध्ये तो साठ-पासष्ट डॉलरवर होता. धंदा सोळा पट झाला आणि पहिल्या दिवशी शेअर घेतलेल्या माणसाचं मुद्दलही पुरतं हातात राहिलं नाही. मधे २०२० च्या ऑक्टोबरात हाच शेअर तीनशेच्या वर गेला होता. त्या भावाला घेतलेल्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये तो दीडशेच्या वर परतला, तरी तीनशे अजून लांबच.

एकट्या अलीबाबाचं हे दुखणं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. शांघायचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१२४ पर्यंत गेला होता. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये मोजली तर पाच पटींच्या वर गेली, पण तो आकडा पुन्हा दिसलेला नाही.

असं का होतं, याचं एक कारण तुम्हाला धंद्यातूनच ठाऊक आहे. शेजारच्या शेडमध्ये कुणी नवीन मशीन टाकतो, हप्ता भरायचा म्हणून रेट पाडतो, मग दुसरा पाडतो, आणि शेवटी सगळे तीनही पाळ्या चालवूनही कुणाच्या हाती काही राहत नाही. चीनमध्ये हे अवाढव्य प्रमाणावर घडतं, कारण प्रत्येक प्रांताला आपल्याकडे कारखाना हवा असतो. त्यासाठी जमीन मिळते, सरकारी बँकेचं कर्ज मिळतं, आणि तोटा होत असला तरी कारखाना बंद होऊ दिला जात नाही. सौर पॅनेलच्या साखळीतला जगाचा ८० टक्क्यांहून जास्त माल चीन बनवतो. तरीही तिथल्या अग्रगण्य लोंगी कंपनीने २०२४ मध्ये साडेआठ अब्ज युआनच्या वर तोटा दाखवला. विजेच्या गाड्या बनवणाऱ्या बीवायडीचंही बघा. मे २०२५ मध्ये तिने २२ मॉडेलच्या किमती ३४ टक्क्यांपर्यंत उतरवल्या आणि लगेच शेअर आपटला. गिऱ्हाईक खूश, सरकारच्या निर्यातीचे आकडे खूश. भागधारकाचा नंबर त्यानंतर.

दुसरं कारण सरकार. आपल्याकडेही सरकार नियम बदलतं, पण कोर्ट आहे, संसदेत आरडाओरडा होतो, वर्तमानपत्रं लिहितात, आणि गुंतवणूकदाराला थोडा तरी वेळ मिळतो. तिथे काय होतं ते २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी २४ ऑक्टोबर २०२० ला शांघायमध्ये भाषण केलं आणि बँकांवरच्या नियमांना नावं ठेवली. त्यांच्या अँट ग्रुप या वित्तीय कंपनीचा आयपीओ दहा-बारा दिवसांवर आला होता, जगातला तोवरचा सगळ्यात मोठा. ३ नोव्हेंबरला तो थांबवला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये अलीबाबाला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली १८.२ अब्ज युआनचा दंड झाला. दिदी ही टॅक्सीवाली कंपनी ३० जून २०२१ ला १४ डॉलरने न्यूयॉर्कला आली. दोन दिवसांत चौकशी लागली, चार दिवसांत ॲप स्टोअरमधून ॲप गायब. वर्षभरात कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारातून बाहेर पडली तेव्हा भाव अडीच डॉलरच्याही खाली होता.

आणि २०२१ च्याच जुलैत खासगी शिकवण्यांचा निर्णय आला. शालेय विषय शिकवणाऱ्या कंपन्यांनी नफा कमवायचा नाही, शेअर बाजारातून पैसा उभा करायचा नाही, परदेशी भांडवल घ्यायचं नाही. टाल एज्युकेशन नावाच्या मोठ्या कंपनीचा शेअर न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात ७० टक्क्यांच्या आसपास पडला. शिकवण्यांचा खर्च पालकांना झेपत नव्हता हे खरं, आणि आपल्याकडचे पालकही कदाचित म्हणतील की बरं केलं. पण त्या कंपनीत तुमचे पैसे असते तर? कंपनी चांगली चालली होती, व्यवस्थापन हुशार होतं. ताळेबंद कितीही बारकाईने वाचला असता तरी हा धोका त्यात सापडला नसता.

आता तुमच्या नावावर नक्की काय असतं ते बघू. नुकताच प्लॉट विकलात, त्यामुळे सातबारा आणि साठेखत यातला फरक तुम्हाला समजावायला नको. अलीबाबासारख्या इंटरनेट कंपन्यांत परदेशी माणसाला मालकी देणं चिनी कायद्याला मंजूर नाही. म्हणून केमन बेटांवर एक कंपनी काढतात आणि शेअर तिचे विकतात. चीनमधले परवाने आणि त्यावर चालणारा धंदा चिनी माणसांच्या नावावरच्या कंपन्यांत राहतो. त्या धंद्याचा नफा आमच्याकडे वळवा, एवढे करार या दोहोंच्या मधे असतात. म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि तुमच्या हातात साठेखत. वीस-पंचवीस वर्षं ही व्यवस्था चालली आहे, तिला सरकारने मोडलेलं नाही, आणि मोडेल असंही मी म्हणत नाही. पण उद्या वाद झालाच, तर चिनी कोर्टात हे करार टिकतील का, याची हमी कंपनीची स्वतःची माहितीपत्रकंही देत नाहीत. जोखमीच्या प्रकरणात ते स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. कारखानदारीचं मात्र तसं नाही. बीवायडीचा हाँगकाँगमधला शेअर हा थेट त्या चिनी कंपनीचाच शेअर आहे, आणि मशीन बनवणाऱ्या हायतियानलाही असल्या करारांचा आडोसा घ्यावा लागत नाही. पुतण्याच्या यादीतल्या तीन नावांत हा फरक आहे, तो त्याने तुम्हाला सांगितला नसेल तर विचारा.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल थोडक्यात. त्यातून बाहेर पडा, आजच. नॅस्डॅकवर यायचं म्हणून यायचं अशा चिनी आणि हाँगकाँगच्या चिमुकल्या कंपन्यांचे मोजके शेअर बाजारात असतात. असे ग्रुप चालवून भाव चढवतात आणि आपला माल तुमच्या गळ्यात मारून निघून जातात. हा प्रकार इतका वाढला की चीनमध्ये धंदा असलेल्या कंपन्यांनी आयपीओतून किमान अडीच कोटी डॉलर उभारलेच पाहिजेत, असा नियम सप्टेंबर २०२५ मध्ये नॅस्डॅकला स्वतःच सुचवावा लागला. आणि फसवणूक करायला कंपनी छोटीच असावी लागते असंही नाही. लकिन कॉफीने एप्रिल २०२० मध्ये कबूल केलं की २.२ अब्ज युआनच्या आसपास विक्री खोटी दाखवली होती. एका दिवसात तिचा शेअर पाऊण खाली आला.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग सरळ नाहीच म्हणा ना. पण तसं म्हटलं तर ते खरं होणार नाही. नॅस्पर्स ही दक्षिण आफ्रिकेतली वर्तमानपत्रांच्या धंद्यातली कंपनी. तिने २००१ मध्ये टेन्सेंट नावाच्या कोवळ्या चिनी कंपनीत ३.२ कोटी डॉलर घातले. २०१८ मध्ये टेन्सेंटचा फक्त दोन टक्के हिस्सा विकला तर ९.८ अब्ज डॉलर मिळाले. वॉरन बफे यांच्या बर्कशायरने २००८ मध्ये बीवायडीत २३ कोटी डॉलर घातले, चौदा वर्षं हात लावला नाही, आणि मग सावकाश विकून कित्येक पट पैसे घेऊन बाहेर पडली. आपल्या माहितीतलं उदाहरण हवं तर शाओमी. जुलै २०१८ मध्ये १७ हाँगकाँग डॉलरला आली, २०२२ मध्ये दहाच्या खाली गेली, आणि मोटारी विकायला लागल्यावर २०२५ मध्ये पन्नाशी ओलांडली. चांगली कंपनी पडलेल्या भावात घेऊन ज्यांना चार-पाच वर्षं गप्प बसता आलं, त्यांना चीनने खरोखर पैसा दिला आहे.

आणखी एक फायदा आहे, तो मला या सगळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. आपला बाजार आणि त्यांचा बाजार बरेचदा एका दिशेने चालत नाहीत. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी चीनच्या मध्यवर्ती बँकेने सवलती जाहीर केल्या, तिथले निर्देशांक काही दिवसांत वीस टक्क्यांच्या वर गेले, आणि पुढच्याच ऑक्टोबरात परदेशी संस्थांनी आपल्या बाजारातून ९४ हजार कोटी रुपयांच्या आसपास माल विकला. ज्याच्याकडे थोडासा चीन होता त्याला तो काळ थोडा सुसह्य गेला. अर्थात त्याच ऑक्टोबरच्या ८ तारखेला हँग सेंग हा हाँगकाँगचा निर्देशांक एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त पडलाही. तिथे चढ आणि उतार दोन्ही असेच येतात.

वहिनींच्या मुद्द्याला मी हसण्यावारी नेणार नाही. बाजारातून शेअर घेताना पैसे कंपनीला जात नाहीत, ते तो शेअर विकणाऱ्या दुसऱ्या गुंतवणूकदाराला जातात. खरं तर मशीन घेतलंत तेव्हा पैसे थेट निंगबोला गेले. तरीही मन खात असेल तर हा हिशेब सांगून मन मानत नाही, आणि घरात रोज खटके उडणार असतील तर कुठलीच गुंतवणूक टिकत नाही. शिवाय वहिनींच्या बोलण्यात एक जोखीम दडलेली आहे, जी पुतण्याच्या हिशेबात नाही. दोन देशांत तणाव आहे आणि तो वाढू शकतो. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी माल आपल्या बंदरांत अडकून पडला होता, चिनी इंजिनिअरांना व्हिसा मिळणं पुढे कित्येक वर्षं मुश्कील झालं. २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात रोखली तेव्हा थेट बजाजच्या चेतकच्या उत्पादनाला फटका बसला. आणि रशियाचं २०२२ चं उदाहरण तर ताजं आहे. तिथल्या परदेशी गुंतवणूकदारांचे शेअर जागच्या जागी गोठले, आणि मार्चमध्ये रशिया जागतिक निर्देशांकांतून बाहेर काढला गेला.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते. तुमच्या सहापैकी चार मशीनं चिनी आहेत. स्क्रू-बॅरल, कंट्रोलरचं कार्ड, हायड्रॉलिकचे सुटे भाग तिकडून येतात. चाकणच्या गाडी कंपन्यांना माल पुरवत असाल तर तुमचं गिऱ्हाईकही चिनी सुट्या भागांवर अवलंबून आहे. म्हणजे एक शेअरही न घेता तुमच्या डोक्यावर चीनची जोखीम आधीच भरपूर आहे. उद्या सीमेवर काही झालं तर मशीन बंद पडेल, पार्टीची ऑर्डर थांबेल, आणि नेमके त्याच आठवड्यात शेअरही कोसळलेले असतील. पैशांची निकड आणि पैशांची पडझड एकाच वेळी येणं, यासारखं वाईट काही नाही. पगारदार माणसाने मला हेच विचारलं असतं तर मी त्याला तुमच्यापेक्षा जास्त रक्कम सांगितली असती.

तेव्हा १५ लाख नाहीत. दोन लाख, फार तर तीन. प्लॉटच्या नफ्यावरचा कर आधी सीएकडून काढून घ्या आणि तो बाजूला ठेवा. मुलीच्या चार वर्षांच्या फीची रक्कम मुदत ठेवीत टाका. युनिटचे सहा महिन्यांचे पगार, वीजबिल आणि हप्ते निघतील एवढे पैसे हाताशी असू द्या. हे सगळं झाल्यावर उरेल त्यातून हे दोन-तीन लाख, आणि तेही दीड-दोन वर्षांत थोडे थोडे करून. पुढची सात-आठ वर्षं त्यांची गरज पडणार नाही, आणि निम्मे झाले तरी मुलीला किंवा धंद्याला झळ लागणार नाही, एवढीच ही रक्कम असली पाहिजे.

पुतण्याच्या खात्यातून घेऊ नका. मुलगा चांगला असेल, पण त्याच्या खात्यातला शेअर कायद्याने त्याचा. उद्या त्याच्यावर काही प्रसंग आला, त्याचं लग्न झालं, तुम्हाला काही झालं, तर कोण कोणाला काय सिद्ध करून दाखवणार? शेअर हवेच असतील तर स्वतःच्या नावावर खातं काढा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बँकेतून अधिकृतपणे पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाखांच्या वर गेली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो नंतर करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन-तीन लाखांत तो प्रश्नच येत नाही. परदेशी शेअर असले की विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, तेही आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर. लहान रकमांना २०२४ पासून दंडातून सूट मिळाली आहे, तरी रकाना भरायचा तो भरायचाच.

हा सगळा व्याप नको असेल, आणि एवढ्या रकमेसाठी तो करू नये असंच माझं मत आहे, तर आपल्याच डीमॅट खात्यात रुपयांत घेता येणारे मार्ग आहेत. निप्पॉनचं हँग सेंग बीज आणि मिराएचं हँग सेंग टेक हे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड आहेत, आणि एडलवाईसचा ग्रेटर चायना फंड आहे. मात्र इथे एक खाचखळगा आहे. आपल्या म्युच्युअल फंडांना परदेशात किती पैसे नेता येतील यावर मर्यादा आहे, ती भरत आली की नवीन युनिट तयार होत नाहीत, आणि ईटीएफ बाजारात खऱ्या किमतीपेक्षा महाग विकला जातो. समजा आतल्या शेअरांची किंमत २० रुपये आहे आणि बाजारात युनिट २३ ला चाललंय. तुम्ही घेतलंत की पहिल्याच क्षणी १५ टक्के जास्त मोजलेत, आणि हँग सेंग जागचा हलला नाही तरी हे तीन रुपये उद्या विरून जाऊ शकतात. म्हणून ऑर्डर टाकण्याआधी फंडाच्या संकेतस्थळावर त्या क्षणाची आय-एनएव्ही, म्हणजे युनिटची खरी किंमत, बघा. फरक टक्का-दोन टक्क्यांच्या वर असेल तर त्या महिन्यात थांबा. ‘ग्रेटर चायना’ नाव असलेल्या फंडात तैवानही येतं आणि तिथल्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा हिस्सा मोठा असतो, हेही लक्षात असू द्या.

राहता राहिलं हायतियान. तुमचा ओढा तिकडे आहे हे पत्रातून कळतं, आणि तुमच्या यादीत तुम्हाला खरोखर काही कळत असलेली ती एकच कंपनी आहे. ती २००६ पासून हाँगकाँगला आहे आणि तिचा वार्षिक अहवाल इंग्रजीत मिळतो. तो मागवा आणि मशीन घेताना स्पेसिफिकेशन वाचता तसा वाचा. उधारी किती दिवसांची झाली आहे, गोदामात पडून असलेली मशीनं विक्रीच्या मानाने वाढली आहेत का, चीनबाहेरची विक्री किती, लाभांश किती वर्षं सलग दिलाय आणि नफ्यातला किती वाटा दिलाय. भोसरीतल्या चार मशीनवाल्यांना विचारा की या वर्षी त्यांना किती सूट मिळाली. सूट वाढली असेल तर तिकडे माल उठत नाही, एवढं तर तुम्हाला कुणी सांगायला नको. हे सगळं जमवून झालं आणि तरीही घ्यावासा वाटला, तर त्या दोन-तीन लाखांतलाच एक हिस्सा तिकडे ठेवण्याला माझी हरकत नाही. हाँगकाँगला शेअर सुटे मिळत नाहीत, ठरलेल्या लॉटमध्ये घ्यावे लागतात, तेव्हा आधी एका लॉटची किंमत बघा. अहवालातले आकडे घेऊन पुन्हा लिहिलंत तर मला ते वाचायला नक्की आवडेल.